हाताचा जोर नंतर, आधी डावा पाय

प्रश्न: मी सत्तरी तालुक्यातल्या एका शाळेत दहावीत शिकते. दोन वर्षं भालाफेक करते. तालुक्यात पहिली आले, पण गेलं वर्षभर २८ मीटरच्या पुढे काही जात नाही. शाळेत एकच भाला आहे, मुलगे आणि मुली तोच वापरतो. आमचे पीई सर फुटबॉलचे, त्यामुळे मी नीरज चोप्राचे व्हिडिओ बघून शिकते. माझा भाला पुष्कळदा वर चढतो आणि आडवा पडतो. हल्ली फेकल्यावर उजवं कोपर आतल्या बाजूनं दुखतं. हातात ताकद यायला कुठला व्यायाम करू? आई म्हणते, दहावीचं वर्ष आहे, भाला ठेवून दे. गोव्यात राहून यात करिअर होतं का?

उत्तर:

आधी कोपराचं बघू. डॉक्टरांना दाखवेपर्यंत भाला फेकायचा नाही, हळूसुद्धा नाही. तुझ्या वयात कोपराचं हाड पूर्ण वाढलेलं असतंच असं नाही आणि फेकताना सगळ्यात जास्त ओढ बसते ती नेमकी आतल्या बाजूला. वेळेवर विश्रांती दिली तर असं दुखणं बहुतेकदा बरं होतं. दाबून नेलं तर मोसमच्या मोसम हातचे जातात. आईला किंवा बाबांना घेऊन बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) हाडांच्या डॉक्टरांना दाखव आणि ‘मी भाला फेकते’ हे त्यांना पहिल्या वाक्यात सांग, नाहीतर घरकामानं दुखतंय असं समजून गोळी मिळेल. यात घाबरण्यासारखं किंवा लाजण्यासारखं काही नाही. नीरज चोप्राच्या उजव्या कोपरावर २०१९ मध्ये शस्त्रक्रिया झाली, त्या वर्षीची जागतिक स्पर्धा त्याला सोडावी लागली, आणि २०२१ मध्ये टोकियोला त्यानं ८७.५८ मीटर फेकून सुवर्ण आणलं.

दुसरी गोष्ट तो शाळेतला भाला. मुलगे आणि मुली एकच वापरत असाल तर तो मुलग्यांचा असण्याची शक्यता मला जास्त वाटते. तुझ्या वयाच्या मुलींचा भाला ५०० ग्रॅमचा असतो, लांबीला साधारण दोन मीटर. अठरा वर्षांखालच्या मुलग्यांचा ७०० ग्रॅमचा, पुरुषांचा ८०० ग्रॅमचा आणि अडीच मीटरहून लांब. सरांना विचारून तो दुकानातल्या काट्यावर ठेव आणि टेपनं लांबी मोज. वजन जास्त निघालं तर तुझे २८ मीटर ही तुझी खरी मोजणीच नव्हे, आणि कोपर का दुखतंय याचं अर्धं उत्तरही तिथेच आहे. मुलींचा भाला मागवण्यासाठी मुख्याध्यापकांना अर्ज दे. तालुक्यात पहिली आलेल्या मुलीनं हे मागणं अजिबात जास्तीचं नाही.

आता तुझा मुख्य प्रश्न, हाताच्या ताकदीचा. भाला लांब जातो तो हातातून सुटताना त्याला किती वेग आहे त्यावर. पाच टक्के वेग वाढला तर अंतर दहा टक्क्यांच्या आसपास वाढतं, इतका वेगाला भाव आहे. पण तो वेग हातात तयार होत नाही. उंच झाडावरच्या कैरीला धोंडा मारताना काय होतं ते आठव. कुणी न शिकवता डावा पाय पुढे रोवला जातो, कंबर आधी वळते, मग खांदा येतो आणि हात सगळ्यांच्या शेवटी. भाला हातात आला की पोरं हे विसरतात आणि एकट्या हाताकडून सगळं काम करून घेतात. तुझं तेच होतंय असं मला वाटतं.

मी आधी बरीच वर्षं शारीरिक शिक्षण शिकवलं आहे, म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते. उजव्या हाताच्या फेकणाऱ्याचा डावा पाय शेवटच्या पावलाला पुढे पडतो. तो पडताना गुडघा मऊ राहिला, खचला, तर धावून कमावलेला वेग जमिनीत जिरतो. तोच पाय टाच आधी टेकवून ताठ उभा राहिला तर खालचं अंग थांबतं आणि वरचं अंग झटक्यानं पुढे फेकलं जातं. याला ब्लॉक म्हणतात. भालाफेकीत शिकण्यासारखं सगळ्यात मोठं काही असेल तर ते हेच, आणि ते यायला वर्षं लागतात. त्यातच दुसरी गोष्ट गुंतलेली आहे: डावा पाय टेकतो त्या क्षणी उजवा हात अजून मागे, जवळजवळ सरळ असायला हवा. हात घाईनं आधीच निघाला तर कोपर खांद्याच्या खाली घसरतं, भाला बाजूनं फिरून येतो आणि ताण कोपराच्या आतल्या बाजूवर जातो. तुझं जिथे दुखतंय तिथेच.

तुला हे मोबाईलवर तपासता येईल. मैत्रिणीला बाजूला, कमरेच्या उंचीवर मोबाईल धरून स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घ्यायला सांग. मग एकच चित्र थांबवून बघ: डावा पाय टेकला तो क्षण. हात कुठे आहे? गुडघा कसा आहे? बाकी काही बघू नकोस. अर्थात हे सगळं डॉक्टरांनी फेकायला परवानगी दिल्यावर.

भाला वर चढतो आणि आडवा पडतो, त्याचं कारण बहुधा मागे नेताना तळहात खाली जातो आणि टोक आभाळाकडे बघायला लागतं. टोक कपाळाच्या बाजूला, डोळ्याच्या जवळ ठेव, तळहात वरच्या दिशेला आणि हात खांद्याच्या उंचीला. चांगले फेकणारे भाला साधारण ३५ अंशांच्या आसपास सोडतात, ४५ नव्हे. टोक आधी जमिनीला लागलं नाही तर फेक बाद होते हे तुला माहीत आहेच. पकड बदलायच्या भानगडीत यंदा पडू नकोस. भाल्यावर पकडीसाठी गुंडाळलेल्या दोरीच्या मागच्या कडेला बोट नीट अडकतं आहे ना, एवढं पुरे.

नीरजचे व्हिडिओ जरूर बघ, पण त्याचा हात बघू नकोस. आणि फेकल्यावर तो दोन्ही हातांवर पुढे पडतो त्याची नक्कल तर मुळीच नको. एवढ्या वेगातून आल्यावर अंगाला थांबायला जागा लागते म्हणून तो पडतो. लहान धावेतून मुद्दाम पडणारी मुलं मनगट दुखावून घेतात. त्याचा डावा पाय बघ, पुन्हा पुन्हा बघ.

आता दहावी. तुझ्या आईशी मला दोन शब्द बोलायचे आहेत. ताई, तुमची काळजी रास्त आहे, पण या वर्षी हिला जे करायचं आहे त्याला वेळ फार लागत नाही. पावसाळ्यात मैदानात चिखल असतो, तिथे धावून भाला फेकणं घसरून पडायचं काम. त्या दिवसांत पडवीवर भाल्याशिवाय क्रॉस स्टेपची (फेकीआधी आडवं वळून एका पायापुढून दुसरा टाकायची) पावलं, पोटाचे आणि पाठीचे व्यायाम, जिना चढणं-उतरणं, एवढं अर्ध्या तासात होतं आणि रात्रीचा अभ्यास शाबूत राहतो. चवथीनंतर जमीन सुकली, डॉक्टरांनी होकार दिला, की आठवड्यातून दोन दिवस फेकायचं, तेही जागेवरून आणि तीन पावलांतून. पूर्ण धाव परीक्षेनंतर. गोवा बोर्डात क्रीडागुणही मिळतात. कुठल्या स्पर्धेला किती, ते सरांकडून आत्ताच नीट समजून घ्या आणि प्रमाणपत्रं जपून ठेवा. भाला पूर्ण बंद करून मुलगी जास्त अभ्यास करते, असं माझ्या बघण्यात क्वचितच आलं आहे.

एक मात्र सगळ्यांनी पाळायचं. शाळेच्या मैदानावर त्याच वेळी क्रिकेट किंवा फुटबॉल चालू असेल तर भाला बाहेर काढायचा नाही. फेकलेला भाला चालत जाऊन आणायचा, टोक खाली धरून, आणि तिथून परत कधीच फेकायचा नाही.

करिअरचं विचारलंस. भाला हा उशिरा पिकणारा खेळ आहे. उत्तर प्रदेशातल्या खेड्यातून आलेल्या अन्नू राणीनं २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ६२.९२ मीटर फेकून सुवर्ण जिंकलं, तेव्हा ती ३१ वर्षांची होती. नीरजनं ९० मीटर पहिल्यांदा ओलांडले ते मे २०२५ मध्ये, दोह्याला, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. म्हणून पंधराव्या वर्षी २८ मीटरवर अडकल्याचं दुःख करू नकोस, आणि आजच्या आकड्यावर आयुष्याचा निर्णयही घेऊ नकोस. गोव्यात बांबोळीला सिंथेटिक ट्रॅक आहे, २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतलं ॲथलेटिक्स तिथेच झालं. सत्तरीहून रोज जाणं शक्य नाही हे मला कळतं. पण परीक्षेनंतरच्या सुट्टीत तिथल्या प्रशिक्षकांना एकदा तुझी फेक दाखव. क्रीडा खात्याच्या तालुक्यातल्या कार्यालयातही नाव देऊन ठेव, म्हणजे निवड चाचण्यांची माहिती वेळेवर मिळेल.

फक्त पदकावर घर चालवणारे खेळाडू फार थोडे, हे स्पष्टच सांगते. पण या खेळाच्या आजूबाजूला काम खूप आहे. रेल्वे आणि पोलिसांसारख्या खात्यांत खेळाडूंसाठी भरती असते, त्यासाठी राष्ट्रीय पातळीवरची कामगिरी लागते. ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई राष्ट्रीय संस्थेत बारावीनंतर शारीरिक शिक्षणाची पदवी करता येते. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकाचा डिप्लोमा आहे. आणि कोपराबद्दल तू ज्या बारकाईनं लिहिलं आहेस (कुठल्या बाजूला, कधी), ते वाचून मला वाटलं की फिजिओथेरपीचा विचार तू नक्की करावास. तसं असेल तर अकरावीला विज्ञान घे आणि जीवशास्त्र सोडू नकोस. हा एक दरवाजा नंतर उघडत नाही. भाल्याबद्दलचे बाकी निर्णय दोन वर्षांनी घेतले तरी चालतील.

डॉक्टर काय म्हणाले आणि भाल्याचं वजन किती भरलं, एवढं मला लगेच कळव. व्हिडिओ चवथीनंतर पाठव, बाजूनं घेतलेला, आणि त्यात तुझा डावा पाय पूर्ण दिसू दे.