रोमनांचं ‘न्याय्य युद्ध’: विधी की विचार?

रोमन लोक ‘न्याय्य युद्ध’ म्हणायचे तेव्हा ते नुसतं कर्मकांड होतं की मागे काही विचार होता, असं तुम्ही विचारलंय. सुरुवात कर्मकांडानेच झाली. ‘फेतिआलेस’ नावाचे पुरोहित शत्रूच्या सीमेवर जाऊन नुकसानभरपाई मागत. रोमन इतिहासकार लिव्हीने दिलेल्या वर्णनात ३३ दिवसांची मुदत आहे. ती टळली की सेनेटचा निर्णय आणि मग शत्रूच्या हद्दीत भाला फेकायचा. पुढे शत्रू समुद्रापलीकडचे झाले, तेव्हा रोममध्येच बेल्लोना या युद्धदेवतेच्या देवळाजवळची जागा शत्रूची भूमी मानून भाला तिथे फेकू लागले. इथे ‘यूस्तुम’ (‘न्याय्य’साठीचा लॅटिन शब्द) याचा अर्थ बराचसा ‘यथाविधी’ असाच आहे. म्हणून मी ‘धर्मयुद्ध’ हा शब्द टाळतो. आपल्याकडे त्या शब्दाने आधी आठवतं ते निःशस्त्रावर वार न करणं; फेतिआलेसचं काम लढाईच्या आधीचं.

विचाराची खरी भर घातली रोमन राजकारणी आणि विचारवंत सिसेरोने. इ.स.पू. ४४ मध्ये अथेन्सला शिकणाऱ्या मुलासाठी त्याने ‘दे ऑफिकीइस’ (कर्तव्यांविषयी) लिहिलं. पहिल्या भागातले ३४ ते ४१ हे परिच्छेद शांतपणे वाचाच. भांडण मिटवायचे मार्ग दोन, चर्चा आणि बळ; पहिला माणसाचा, दुसरा जनावराचा, आणि पहिला शक्यच नसेल तेव्हाच दुसरा. युद्ध करायचं ते अन्यायाविना शांततेत जगता यावं म्हणून. तटाला धडक-ओंडका लागल्यानंतर शरण आलेल्यांनाही अभय द्यावं, असं तो म्हणतो. इ.स.पू. १४६ मध्ये रोमनांनी कॉरिंथ हे ग्रीक शहर उद्ध्वस्त केलं, ते करायला नको होतं, हेही तो स्पष्ट लिहितो. स्वतःच्या राष्ट्राच्या विजयाबद्दल असं लिहायला धैर्य लागतं.

शत्रूला दिलेला शब्दही पाळायचा, यावर त्याचा फार भर आहे. रोमच्या शत्रूच्या, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या, कैदेतला रोमन सेनापती रेगुलुस कैद्यांच्या अदलाबदलीची बोलणी करायला रोमला आला, सेनेटला ती न करण्याचा सल्ला दिला आणि शपथेखातर परत कैदेत गेला. ही कथा इतिहास म्हणून शंकास्पद मानतात. सिसेरोला मात्र तिच्यातून वचनाचं बंधन दाखवायचं होतं.

पण हाच सिसेरो इ.स.पू. ५१ मध्ये किलिकियाचा (आजच्या दक्षिण तुर्कस्तानातला रोमन प्रांत) सुभेदार होता. पिंदेनिस्सुम हे डोंगरी गाव त्याने वेढलं. ५७व्या दिवशी लोक शरण आले आणि त्यांना गुलाम म्हणून विकलं गेलं. मित्र अत्तिकुसला त्याने हे पत्रातून कळवलं, अपराधीपणाचा लवलेशही न दाखवता. ते पत्र वाचताना मला दरवेळी त्रास होतो. शरणागताचा जीव वाचवणं त्याच्या न्यायात बसत होतं. त्याचं स्वातंत्र्य त्या न्यायात धरलेलंच नव्हतं.