मोबाईल काढून घेऊ का?

जून अखेरीला मालवणजवळच्या एका वाडीतली आई माझ्याकडे आली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, झिल हातातसून गेलो माझो." मुलगा पंधरा वर्षांचा. रात्री दोनपर्यंत बीजीएमआय (मोबाईलवर चौघांच्या गटाने ऑनलाइन खेळायचा लढाईचा खेळ), सकाळी वर्गात डुलक्या. खेळ चालू असताना तिने मोबाईल हिसकावला, तर त्याने दाराला लाथ मारली. "व्यसनच ना ह्या? काढून घेव मोबाईल?"

'व्यसन' हा शब्द मी जपून वापरते. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंग डिसऑर्डर आपल्या आजारांच्या यादीत घेतला आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. पण त्यासाठी खेळण्यावरचा ताबा सुटलेला असावा लागतो, बाकी सगळं मागे पडलेलं असावं लागतं, नुकसान दिसत असूनही खेळ वाढत गेलेला असावा लागतो आणि हे साधारण वर्षभर चाललेलं असावं लागतं. या मुलाचं जागरण मार्चपासूनचं. वाडीच्या भजनात तो पखवाज वाजवतो. एकही गुरुवार चुकलेला नाही. शाळा सुटली असती, जेवणखाण तुटलं असतं किंवा जिवाचं बरंवाईट करायची भाषा असती, तर मी त्याला लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. अशा वेळी १४४१६ या टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) क्रमांकावर फुकट बोलता येतं, हे मी प्रत्येक पालकाला लिहून देते.

मुलगा एकटा बसला तेव्हा आधी गप्प. "चौघांत तुझं काम काय?" असं विचारलं आणि तो वीस मिनिटं थांबला नाही. कुठे उतरायचं, केव्हा निघायचं, हे तो ठरवतो. चौघांतला एक डोंबिवलीचा चुलतभाऊ, एक गाव सोडून गेलेला मित्र. वर्गात तोंड न उघडणारा मुलगा तिथे तिघांना सांभाळतो. हा फायदा मी खरा मानते. वेगवान खेळ खेळणाऱ्यांची नजर एकाच वेळी अधिक गोष्टी टिपते, असं २००३ साली 'नेचर'मध्ये आलेल्या संशोधनात दिसलं होतं. त्याने गणिताचे गुण वाढत नाहीत, हेही मी आईला स्पष्ट सांगितलं. आणि झोप गेली की हा फायदाही वाया जातो. या घरातलं खरं नुकसान झोपेचंच होतं.

दाराला बसलेली लाथ मात्र मला वेगळी दिसली. शंभर जण उतरतात, डाव अर्धा तास चालतो, मध्ये थांबवता येत नाही. "आत्ताच्या आत्ता ठेव" म्हटलं की त्याला तिघांना वाऱ्यावर सोडून निघावं लागतं. म्हणून बोलायचं ते डाव सुरू होण्याआधी. ठरलं असं: साडेनऊनंतर नवा डाव नाही, दहाला मोबाईल आजीच्या खाटेजवळ चार्जिंगला. शनिवारी अकरा, ही सूट त्याने स्वतः घासाघीस करून मिळवली.

वडील ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोट चालवणारे प्रमुख. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून घरीच होते. मी त्यांना एक डाव मुलाशेजारी बसून बघायला सांगितलं. जीपीएसवर वाट काढणारा माणूस, त्यांना खेळातला नकाशा लगेच उमगला. पुढच्या वेळी आले ते म्हणतच, "झिलाक दिशा बरोबर कळता."

ऑगस्टमध्ये ते समुद्रावर गेले आणि दोन रात्री मोबाईल पुन्हा पांघरुणात सापडला. आईचा फोन आला. या वेळी हिसकावला नव्हता. सकाळी चहा देताना विचारलं होतं. रात्री बाबांची आठवण येते, झोप लागत नाही, असं तो म्हणाला. आता नेटवर्कमध्ये असले की वडील नऊच्या सुमाराला बोटीवरून त्याला फोन करतात.