पायाच्या बायपासमध्ये कृत्रिम नळी टाकल्यावर पुढे काय त्रास होऊ शकतो?

तुमच्या वडिलांच्या मांडीतली रक्तवाहिनी बंद आहे आणि डॉक्टर बंद भागाला वळसा घालून रक्त पुढं नेणारी कृत्रिम नळी टाकणार आहेत (हाच बायपास), म्हणून विचारताय. मी डॉक्टर नाही, पण माझ्या अण्णांच्या मांडीत अशीच नळी आहे.

अण्णांनी सोलापुरात उभी हयात यंत्रमाग चालवला. शुगर होती, बिडीही होती. ऑपरेशनआधी त्यांनी एवढंच विचारलं, "नळी कशाची?" पीटीएफईची, म्हणजे टेफ्लॉनच्या जातीची. पोटातल्या मोठ्या धमनीला डेक्रॉन लावतात, ते पॉलिएस्टरचंच कापड. 1950 च्या दशकात अमेरिकेत डॉ. मायकेल डिबेकी या सर्जननी तशी नळी घरच्या शिलाई मशीनवर शिवली होती, हे कळल्यावर अण्णा जरा सैलावले.

मुख्य त्रास नळी तुंबण्याचा. सुरुवातीला गुठळी होऊन तुंबते. पुढं काही महिन्यांनी, नळी जिथं आपल्या रक्तवाहिनीला शिवलेली असते, तिथलं आतलं अस्तर जाड होत जातं आणि वाट अरुंद होते. अण्णांचं आठव्या महिन्यात तेच झालं. पहाटे उठवलं तेव्हा पाय गार, अंगठा पांढराफटक, बोटं हलेनात. आई गरम पाण्याची पिशवी आणायला धावली, मी अडवलं. बधिर पायाला चटका कळत नाही आणि वेळही जातो. असं झालं तर शेकू नका, चोळू नका, थेट दवाखाना गाठा. पाच-सहा तासांच्या पुढं पाय वाचवणं अवघड होत जातं. आम्ही दोन तासांत पोचलो, गुठळी काढली, पाय वाचला.

जंतुसंसर्ग कमी जणांना होतो, पण तो फार वाईट. नळीवर जंतूंचा थर बसला की औषध नीट पोचत नाही, बऱ्याचदा नळीच काढावी लागते. जांघेतली जखम लाल झाली, पाणी-पू आला, ताप आला किंवा तिथं ठोक्यासोबत उडणारी गाठ हाताला लागली, तर त्याच दिवशी दाखवा. वर्षं उलटल्यावरसुद्धा. रक्त आलं तर घट्ट दाबून धरूनच निघा.

डॉक्टरांना एक नक्की विचारा: स्वतःची शीर का नाही वापरत? गुडघ्याखाली जोडायचं असेल तर शीरच जास्त टिकते. अण्णांची हृदयाच्या बायपासला आधीच वापरली होती, म्हणून नळी.

रक्त पातळ ठेवणारी गोळी स्वतःहून बंद करू नका, दात काढायचा असला तरी आधी विचारा. पावलावर ठोका लागतो तिथं आमच्या डॉक्टरांनी बॉलपेननं फुली मारून दिली होती. ती पुसली की आई पुन्हा गिरवते आणि रोज सकाळी चहाआधी तिथं बोट ठेवून बघते.