थंड पाण्यात माशाचं हृदय बंद कसं पडत नाही?

प्रश्न : पाणी गार झालं की माशाचं अंगही तेवढंच गार होतं ना, मग हृदय चालतं कसं?

उत्तर : हो, बहुतेक माशांचं अंग पाण्याइतकंच गार होतं, आणि तापमान १० अंशांनी उतरलं तर ठोके साधारण निम्म्यावर येतात, शिवाय रक्त घट्ट होतं म्हणजे ढकलायला जोर जास्त लागतो. पण ट्राउट मासा बघा, काही आठवडे गारठ्यात राहिला की त्याचं हृदय चक्क मोठं होतं, स्नायू वाढतो, आणि पेशींच्या आतल्या साठ्यातून कॅल्शियम (ज्यामुळे स्नायू आकुंचन पावतो) सोडायची सोय सुधारते, त्यामुळे ठोके कमी पण प्रत्येक ठोका दमदार. मला हे फार सुंदर वाटतं. क्रुशियन कार्प हा मासा मात्र उलटं करतो, हिवाळ्यात सगळं मंद करून पडून राहतो.

आणि अंटार्क्टिकाचा आइसफिश तर कमालच, पाणी उणे १.९ अंशांपर्यंत, रक्तात हिमोग्लोबिनच (ऑक्सिजन वाहून नेणारा लाल पदार्थ) नाही म्हणून ते लाल नाही, पाण्यासारखं दिसतं! गार पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो, तोच थेट रक्तात मिसळतो, पण तो पुरायला रक्त भरपूर फिरवावं लागतं, म्हणून हृदय भलंमोठं असतं.