व्हीसेंटर ७ वरून ८ : आधी डीएनएस बघ

भावा, आयएसओ (इन्स्टॉलची फाईल) उतरवली म्हणून लगेच 'अपग्रेड' दाबू नकोस. आधी व्हीसेंटर (सगळे होस्ट एका जागेवरून सांभाळणारं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर), मग ईएसएक्सआय होस्ट (ज्यांच्यावर व्हीएम, म्हणजे आभासी मशीन, चालतात ते सर्व्हर), हा क्रम उलटा करायचा नाही. ६.७ च्या खालचे होस्ट ८ ला चालत नाहीत. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात ६.५ चा सर्व्हर अजून घरघरत असेल तर त्याची सोय आधी लाव.

अपग्रेड दोन टप्प्यांत होतं. पहिल्या टप्प्यात नवं अप्लायन्स (व्हीसेंटरचं तयार व्हीएम) तात्पुरत्या आयपीवर उभं राहतं. दुसऱ्यात जुन्याचा डेटा, नाव, आयपी तिकडे जातं आणि जुनं बंद होतं. तात्पुरता आयपी त्याच सबनेटमधला (नेटवर्कच्या त्याच भागातला), खरोखर मोकळा हवा. १० होस्ट, १०० व्हीएमपर्यंत अप्लायन्सचा 'टायनी' आकार पुरतो: २ व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर), १४ जीबी रॅम.

बहुतेक जण अडकतात डीएनएसवर, म्हणजे नाव आणि आयपीची जोडी लावणाऱ्या यंत्रणेवर. एनएसलुकअप (ही जोडी तपासायची कमांड) आधी व्हीसेंटरच्या नावाने चालव, मग आयपीने. दोन्हीकडून जोडी तीच निघाली पाहिजे. अप्लायन्सच्या रूटचा (मुख्य अ‍ॅडमिनचा) पासवर्ड ९० दिवसांत संपतो, तोही बघ. डीआरएस (व्हीएम आपोआप एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवणारी सोय) मॅन्युअलवर ठेव, नाहीतर मधेच जुनं व्हीसेंटर दुसऱ्या होस्टवर उडी मारायचं.

बॅकअप घे जुन्या व्हीसेंटरच्या ५४८० पोर्टवरच्या व्यवस्थापन पानावरून, आणि तो दुसऱ्या मशीनवर. पावसाळ्यात खानापूरकडे लाईटीचा काय भरवसा! दुसऱ्या टप्प्यात लाईट गेली आणि काम अर्धवट राहिलं, तर नवं बंद कर, जुनं चालू कर, पुन्हा पहिल्यापासून. व्हीएम या सगळ्यात चालूच असतात. ७ ची लायसन्स की ८ ला चालत नाही. ६० दिवसांच्या चाचणी मुदतीत नवी घे.