सुपरचार्जरवाली जुनी बोट आणि पॉलिसीवरचं कर्ज

प्रश्न : मी अटलांटाच्या उत्तरेला राहतो. वय ४१, पगार १,४०,००० डॉलर, पत्नी सध्या घरी, मुलं ९ आणि ६ वर्षांची. लेक लेनियर तलावावर एक २००८ ची सी-डू स्पीडस्टर २०० जेट बोट विकायला आहे. २१५ हॉर्सपॉवरची दोन सुपरचार्ज्ड इंजिनं, फक्त २६० तास चाललेली. मालक १६,५०० डॉलर मागतोय, 'सुपरचार्जर नुकतेच बघून घेतलेत' म्हणतो. पैसे मी माझ्या आययूएल, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकाशी जोडलेल्या आयुर्विम्याच्या, पॉलिसीवर कर्ज काढून देणार आहे. ते बिनव्याजी आणि करमुक्त असतं असं मंडळातल्या आमच्या एजंटांनी सांगितलंय. पाच वर्षं महिना १,००० डॉलर भरतोय, स्टेटमेंटवर ४७,००० दिसतात, सरेंडर केली, म्हणजे मोडली, तर ३३,०००. ४०१-केमध्ये, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीच्या खात्यात, पगाराचे ३ टक्के टाकतो (कंपनी ६ टक्क्यांपर्यंत डॉलरला डॉलर देते), बँकेत ९,००० आहेत, घराचं कर्ज ३,८०,०००. माझा प्रश्न एवढाच की या इंजिनांच्या देखभालीला वर्षाला किती धरावेत?

उत्तर : इंधन, जागा, विमा, सगळं मिळून वर्षाला साधारण अकरा हजार डॉलर धरा. बोट घेऊ नका. आणि ज्या वाक्याला तुम्ही कंसात बसवलंय, ते या पत्रातलं सगळ्यात महागडं वाक्य आहे. त्याकडे येतोच, पण तुम्ही इंजिनाचं विचारलंय, तर आधी त्याचं सांगतो.

हे रोटॅक्स कंपनीचं दीड लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन. मुळात दणकट आहे. याच बोटीचं ३१० हॉर्सपॉवरचं रूप मिळायचं, त्यात हीच इंजिनं सुपरचार्जर न लावता बसवलेली असत, आणि ती वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालतात. तुमच्या बोटीत प्रत्येक इंजिनावर एक सुपरचार्जर आहे, म्हणजे इंजिनात दाबाने जास्त हवा भरणारा पंखा. इंजिन मिनिटाला आठ हजार फेरे घेतं तेव्हा सुपरचार्जरचा दांडा चाळीस हजारांच्या पुढे फिरत असतो. थ्रॉटल एकदम सोडला किंवा बोट लाटेवरून उडून पुन्हा पाण्यावर आपटली की त्या दांड्याला हिसका बसतो. तो हिसका गिळायला आत एक सरकणारा क्लच आहे, आणि त्या काळच्या २१५ च्या इंजिनांत या क्लचच्या चकत्या सिरॅमिकच्या होत्या. सिरॅमिक झिजत नाही, तडकतं. तडकलं की तुकडे कुठे जाणार? क्लच इंजिनाच्याच तेलात बसलेला असतो. म्हणजे तुकडे तेलात, आणि तेलातून इंजिनभर.

काही वर्षांपूर्वी नॉर्थ कॅरोलिनातल्या माझ्या एका ग्राहकाबरोबर मी मरिनावर गेलो होतो. त्याची बोट अशीच, एक इंजिन अचानक दमल्यासारखं चालत होतं. मेकॅनिकने ऑइल फिल्टर काढला, कागदाच्या घड्या एक एक करून उलगडल्या आणि टॉर्च धरला. खडीसाखरेचा चुरा असावा तसे बारीक खडे घड्यांमध्ये अडकले होते. त्याने त्यातला एक बोटावर घेतला, नखाने दाबून पाहिला आणि ग्राहकाला म्हणाला, 'हे इथे अडकलेत ते ठीक. जे अडकले नाहीत त्यांचं बिल मोठं येईल.' आठ हजार डॉलर झाले, एका इंजिनाचे.

म्हणूनच या सुपरचार्जरची नियमाने उघडून दुरुस्ती करायची असते : शंभर तास किंवा दोन वर्षं, जे आधी येईल ते. आता तुमचे '२६० तास' या नियमावर घासून पाहा. तासांनी मोजलं तर दोनदा पुरे. वर्षांनी मोजलं तर आजवर प्रत्येक इंजिनाची किमान आठ वेळा व्हायला हवी होती. कमी तास म्हणजे बोट जपली असा अर्थ नसतो, बोट नुसती उभी राहिली असाही असतो. आणि उभी राहिलेली बोट तेलाला, सीलला, टाकीतल्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला मानवत नाही. 'बघून घेतलेत' म्हणजे काय? पावती आहे? सिरॅमिकच्या चकत्या काढून धातूच्या घातल्या का? मालक हे सांगू शकत नसेल तर दोन्ही सुपरचार्जर आजच उघडायचे आहेत असंच समजा. दोघांचे मिळून अठराशे डॉलर.

वर्षाचा हिशेब गोळाबेरजेने असा. पन्नास तास चालवलीत तर साधं फिरणं आणि अधूनमधून पळवणं धरून ताशी पंधरा गॅलन, तेही प्रीमियम, म्हणजे पावणेचार हजार. बोट ठेवायला अडीच हजार. विमा सहाशे. दोन इंजिनांचं तेल, प्लग, हिवाळ्याआधी पाणी काढून अँटीफ्रीझ भरणं, बाराशे. सुपरचार्जरचे दर दोन वर्षांनी अठराशे, म्हणजे वर्षाला नऊशे. पंपातली झिजणारी कडी (वेअर रिंग), बॅटऱ्या, किरकोळ, सातशे. झाले साडेनऊ हजारांच्या वर. त्यात कधीतरी एखादं इंजिन जाणार, त्याची तजवीज दीड हजार. अकरा हजार. ताशी दोनशे वीस डॉलर. लेनियरवर उन्हाळ्यात आठ शनिवार चांगली बोट भाड्याने घेतली, पेट्रोलसकट, तरी सात हजारांच्या आत भागतं आणि तिचा सुपरचार्जर तुमचा नसतो.

आणखी एक. सी-डू बनवणाऱ्या बीआरपी कंपनीने या जातीच्या स्पोर्ट बोटी बनवणं २०१२ मध्ये बंद केलं. इंजिनाचे भाग अजून मिळतात, कारण तीच इंजिनं वॉटरस्कूटरमध्येही होती. पण हॅच, सीट, डॅशवरचे भाग शोधत बसावं लागतं. विकायला काढाल तेव्हा समोरचा माणूसही हेच वाचून आलेला असेल.

इंजिन झालं. आता कंसातलं वाक्य.

तुमची कंपनी ६ टक्क्यांपर्यंत डॉलरला डॉलर देते आणि तुम्ही ३ टक्के टाकता. म्हणजे दरवर्षी ४,२०० डॉलर तुमच्या नावाने ठेवलेले असतात आणि तुम्ही ते उचलत नाही. पाच वर्षांचे २१,०००, वाढ सोडून. ही बोट १६,५०० ची आहे. बोटीच्या किमतीपेक्षा जास्त रक्कम तुम्ही कंपनीकडेच सोडून आलात आणि त्याच वर्षांत महिना हजार डॉलर पॉलिसीत ओतत राहिलात. हे कुणी तुमच्या लक्षात आणून दिलं नाही याचा मला मनापासून राग येतो. पॉलिसी विकणाऱ्या माणसाने पहिला प्रश्न विचारायला हवा होता : कंपनीचा सगळा हिस्सा घेताय ना? तो विचारला असता तर पॉलिसी विकली गेली नसती, म्हणून विचारला गेला नाही.

उरलेले ३ टक्के टाकायला महिना साडेतीनशे डॉलर लागतात. ते कराआधी जातात, म्हणून हातात येणारा पगार साधारण अडीचशे-पावणेतीनशेंनी कमी होईल. त्यावर पहिल्याच दिवशी शंभर टक्के मिळतात. असा परतावा देणारी दुसरी कुठलीही वस्तू मी तुम्हाला दाखवू शकत नाही.

आता आययूएल. गणपतीच्या मांडवात, दिवाळीच्या कार्यक्रमात, मुलांच्या मराठी शाळेबाहेर ही पॉलिसी आपल्या माणसांना किती विकली गेली आहे हे मी रोज पाहतो. सांगितलं जातं की बाजार चढला तर तुमचे पैसे चढतात, पडला तर शून्य. ऐकायला छान. पण चढण्याला वर मर्यादा असते, नऊ-दहा टक्क्यांची, आणि ही मर्यादा विमा कंपनी बदलू शकते. निर्देशांकातला लाभांश तुम्हाला मिळत नाही. भरलेल्या हप्त्यातून आधी खर्च कापला जातो, मग दर महिन्याला विम्याचा आकार, जो वयाबरोबर वाढत जातो. बाजार पडला तेव्हा 'शून्य' येतं ते या कापाकापीच्या आधीचं. तुमचे साठ हजार गेले, ४७,००० दिसतात आणि हातात ३३,००० येतात. गेली पाच वर्षं शेअर बाजाराची वाईट नव्हती. तरी हे.

बिनव्याजी कर्जाचंही तसंच. पॉलिसीवरच्या कर्जावर व्याज लागतं, पाच-सहा टक्के सहज. त्याच्या बदल्यात तारण ठेवलेल्या रकमेवर पॉलिसी काही जमा करते, आणि दोन्ही समान धरून एजंट म्हणतात 'बिनव्याजी'. ज्या वर्षी जमा शून्य होतं त्या वर्षी व्याज तुमचंच. करमुक्तही तेवढंच, जेवढी पॉलिसी जिवंत आहे. पुढे वाढलेलं कर्ज आणि वाढलेला विम्याचा आकार यांनी पॉलिसी खाऊन टाकली आणि ती बंद पडली, तर तोवर झालेल्या नफ्यावर कर लागतो, हातात एक पैसा न येता. सत्तरीत असं बिल आलेली माणसं आहेत. दर वर्षाला किंमत उतरणारी इतकी जुनी बोट अशा कर्जावर घ्यायची, हे मी तुम्हाला करू देणार नाही.

आणि ज्यासाठी विमा असतो ते तरी झालंय का? तुमचं कव्हर किती ते पत्रात नाही. महिना हजारच्या आययूएलमध्ये ते बहुधा पाच लाखांच्या आसपास असतं. त्यातून ३,८०,००० घराचे गेले तर पत्नी आणि दोन मुलांना एक लाख वीस हजार राहतात. दोन वर्षंसुद्धा निघणार नाहीत. निर्व्यसनी, निरोगी चाळिशीतल्या माणसाला वीस वर्षांचं दीड मिलियनचं टर्म कव्हर महिना दीडशे डॉलरच्या आत मिळू शकतं.

म्हणून क्रम असा ठेवा. या आठवड्यात ४०१-के ६ टक्क्यांवर न्या, ऑनलाइन पाच मिनिटांचं काम आहे. त्याच आठवड्यात टर्मचा अर्ज करा. टर्मची पॉलिसी प्रत्यक्ष हातात आली, पहिला हप्ता गेला, तोवर आययूएलला हात लावू नका. वैद्यकीय तपासणीत काय निघेल ते आधी कळत नाही. मधल्या काळात आययूएलच्या कंपनीकडून, एजंटाकडून नव्हे, चालू पॉलिसीत पुढे दरवर्षी किती रक्कम राहील याचा नवा तक्ता मागवा : साडेचार टक्के दराने, आणि दोन प्रकारे, एक हप्ता चालू ठेवून, एक हप्ता आजपासून बंद करून. कोणत्या वर्षी पॉलिसी संपते ते त्यात लिहिलेलं असेल.

त्यानंतर दोन रस्ते आहेत. रोख सरेंडर केलीत तर कर लागणार नाही, कारण नफाच नाही. पण झालेला तोटाही करात दाखवता येत नाही. दुसरा रस्ता करकायद्याच्या कलम १०३५ खाली ती रक्कम एखाद्या कमी खर्चाच्या ॲन्युइटीत, म्हणजे विमा कंपनीच्या पेन्शनसारख्या योजनेत, वळवण्याचा. तिथे तुमची मूळ गुंतवणूक साठ हजारच धरली जाते, म्हणजे ३३,००० चे पुढे साठ हजार होईपर्यंत कर नाही. एरवी मी लोकांना दुसरा सुचवतो. तुम्हाला पहिला सुचवतो, कारण बँकेत ९,००० आहेत आणि एका पगारावर चार माणसं आहेत. ३३,००० मधले अकरा हजार बँकेत टाकून शिल्लक वीस हजार करा. उरलेल्या बावीसमधून तुमच्या आणि पत्नीच्या नावाने रॉथ आयआरए, म्हणजे निवृत्तीची स्वतःची बचत खाती, सुरू करा. पत्नीला पगार नसला तरी तुमच्या पगारावर तिचं खातं चालतं. सरेंडरचा आकार, म्हणजे पॉलिसी मोडताना कापली जाणारी रक्कम, दरवर्षी थोडा उतरतो हे खरं, पण तो वाचवायला वर्षाला बारा हजार ओतत राहण्यात अर्थ नाही. एजंट फोन करतील, घरी येतील, 'आत्ता बंद केलीत तर नुकसान' म्हणतील. नुकसान होऊन गेलंय. त्यांना तक्ता दाखवा.

हप्त्यातले हजार सुटले, त्यातले पावणेतीनशे ४०१-केला, दीडशे टर्मला. महिना पावणेसहाशे उरतात. दीड वर्षात दहा हजार.

तेव्हा मोठं मूल दहा-अकराचं असेल, बोटीमागे हवेच्या ट्यूबवर बसवून ओढायच्या वयाचं. तेव्हाही बोट हवीच वाटली तर सुपरचार्जर नसलेली बघा : याच स्पीडस्टरची ३१० वाली किंवा यामाहाची साध्या इंजिनाची जेट बोट. चार जणांच्या कुटुंबाला तेवढा जोर भरपूर होतो. आणि मन याच बोटीवर अडकलं असेल, तर मालकाला सांगा की माझा मेकॅनिक दोन्ही ऑइल फिल्टर कापून बघणार, दोन्ही क्लच किती जोराला सरकतात (स्लिप टॉर्क) ते मोजणार, सिलिंडरमध्ये दाब किती होतो आणि टिकतो का (कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन) ते तपासणार आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरमधून तास काढणार. सहाशे डॉलर लागतील, ते तुम्ही द्या. मालक नाही म्हणाला तर तिथेच थांबा. हो म्हणाला आणि फिल्टर स्वच्छ निघाला, तर किमतीतून अठराशे वजा करून बोला. पैसे मात्र बँकेतल्या वीस हजारांच्या वर साठलेल्या रकमेतून द्यायचे, पॉलिसीतून नाही.

तक्ता आला की मला पाठवा. मी त्यातली वर्षं तुमच्याबरोबर बसून वाचेन.