घरच्या घरी डिहायड्रेटेड भाज्यांचे हेल्दी स्नॅक्स कसे बनवायचे? मशीन लागतंच का?

तुम्ही लिहिलंय की मुलांच्या डब्यासाठी दुकानात मिळतात तसे भेंडी-बीट-गाजराचे चिप्स पुण्यातल्या फ्लॅटमध्ये करायचेत. करता येतात, मी करते, पण आधी एक गोष्ट क्लिअर करू. ड्रायफ्रूटच्या दुकानात बरणीत ती हिरवीगार हलकी भेंडी दिसते ना, ती बहुतेक वेळा नुसती वाळवलेली नसते, व्हॅक्यूममध्ये तळलेली असते. हवेचा दाब कमी केला की पाणी कमी तापमानालाच उकळतं म्हणून भाजीचा रंग टिकतो, पण तेल तर आत जातंच. पाकीट उलटं करून घटक वाचा, बऱ्याचदा पाम तेल सापडेल. त्यामुळे घरी बिनतेलाची वाळवून अगदी तशीच खुसखुशीत होईल ही अपेक्षा सोडा.

मग कुरकुरीत काय होतं? पातळ चकत्यांचं बीट, पालकाची पानं, कारलं, भेंडी. गाजर चिवट-कडक होतं, चघळायला गोड लागतं, काही मुलांना तेच आवडतं. मटार मात्र नुसते वाळवून खायला देऊ नका, दातांची परीक्षा असते ती. बटाटाही नको, तो वाळला तरी शेवटी तळावाच लागतो, म्हणजे आपण फिरून वेफर्सवरच आलो.

आता कृती. चकत्या २-३ मिमी आणि सगळ्या सारख्या, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण जाडजूड तुकडा आतून ओला राहतो आणि मग तोच अख्ख्या डब्याला बुरशी लावतो. सुरीने जमत नसेल तर बोहरी आळीत साधा स्लाइसर मिळतो तो घ्या. गाजराला ३-४ मिनिटं वाफ द्यायची आणि लगेच गार पाण्यात टाकायचं, त्याने भाजीतली एन्झाइम्स थांबतात, नाहीतर वाळल्यावरही रंग आणि चव उतरत जाते. उकळत्या पाण्यात टाकण्यापेक्षा वाफ बरी, व्हिटॅमिन पाण्यात कमी जातं. बीट तर मी आधी अख्खं उकडूनच घेते. भेंडीला आणि कारल्याला वाफ नको. भेंडी धुऊन अगदी कोरडी पुसायची मगच चिरायची, कारल्याला मीठ चोळून अर्ध्या तासाने पिळून घ्यायचं. मग सगळं नीट कोरडं करून चिमूटभर मीठ, तिखट, आमचूर. मीठ हात आखडूनच घाला हं, किलोभर गाजराचं वाळून जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम होतं, आणि मीठ तेवढंच राहतं.

मशीनचं म्हणाल तर सीझनवर आहे. मार्च ते मे पुण्याची दुपार इतकी कोरडी असते की आपल्या आज्या याच दिवसांत गवारी, सांडगी मिरची, कारल्याच्या काचऱ्या गच्चीवर घालायच्या, त्यांना कुठे होतं मशीन. स्टीलच्या ताटापेक्षा जाळी किंवा चाळण बरी, खालूनही हवा लागते. वरून पातळ मलमलचं फडकं टाका, एक तर कबुतरं आणि रस्त्याची धूळ, आणि दुसरं म्हणजे गाजर-पालकातलं कॅरोटीन (ज्यापासून शरीरात व्हिटॅमिन ए बनतं ते) थेट उन्हात उडून जातं. संध्याकाळी आत आणायचं, रात्रीच्या दमटपणात ठेवायचं नाही. सोसायटीच्या गच्चीची किल्ली कोणाकडे आहे हा प्रश्न मात्र तुमचा तुम्ही सोडवा 😄

जून ते सप्टेंबर उन्हाचा नादच नको. तेव्हा ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) किंवा डिहायड्रेटर, म्हणजे मंद गरम हवेने वाळवणारं मशीन. भाजीला ५५ ते ६० डिग्री पुरतात, आणि गंमत म्हणजे बऱ्याच ओटीजींचा काटा १०० च्या खाली जातच नाही, म्हणजे भाजी वाळत नाही, भाजते. दार जरासं उघडं ठेवून थोडं जमतं, पण घरात लहान मुलं असतील तर मी सांगणार नाही. घाईत तापमान वाढवलं तर बाहेरून कडक साल धरते आणि आतलं पाणी आतच अडकतं, हात लावून वाळलं वाटतं आणि दोन दिवसांनी मऊ पडतं. तुमच्या एअर फ्रायरला डिहायड्रेटचा मोड असेल तर आधी त्यावर करून बघा, एका वेळी थोडंच मावतं पण मुलं खातात का ते तरी कळेल. छोटा घरगुती डिहायड्रेटर साधारण ३०० वॉटचा धरला आणि आठ तास चालवला तर अडीच युनिटच्या आसपास वीज जाते. पालक तीन-चार तासांत होतो, बीट-गाजराला आठ-दहा लागतात, पावसाळ्यात त्याहूनही जास्त. मला विचाराल तर महिन्यातून एकदाच करणार असाल तर मशीन घेऊ नका, माळ्यावर जाऊन बसेल.

झालं की पूर्ण गार करून काचेच्या बरणीत सैल भरा आणि आठवडाभर रोज हलवा. काचेला आतून पाण्याचे थेंब दिसले तर परत वाळवा, बुरशी दिसली तर सरळ फेकून द्या, वरवरची काढून खायची नाही. नंतर घट्ट झाकण. पावसाळ्यात बरणी सारखी उघडू नका, मऊ पडलंच तर तव्यावर मंद आचेवर दोन मिनिटं.

आणि हेल्दी म्हणजे किती? फायबर राहतं, व्हिटॅमिन सी बरंचसं जातं, आणि गाजर-बिटातली साखर कमी जागेत गोळा होते. डब्यात छोटी मूठभर द्या, सोबत पोळी-भाजी असू द्याच. पहिल्यांदा करताना अर्धा किलो बीट आणि एक जुडी पालक एवढंच घ्या, मंडईत मार्चमध्ये दोन्ही मिळतं.